वीस खांबांची पट्टी

क्रोशा ही सुताने केलेली साधना आहे, असं आमच्या वर्गाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले. शिकवणाऱ्या बाई शेवटच्या खुर्चीवर बसून सुया मोजत होत्या. टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या, "झालं असंन तं माइक बंद करा. सुया वाटाच्या हायेत."

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या सभागृहात एका संस्थेने महिनाभराचा हा वर्ग काढला होता. आम्ही बावीस जणी. मी ग्रंथालयातून निवृत्त होऊन घरी वैतागलेली. बाई दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या, माहेर अकोल्याचं. संस्थेचे वर्ग मिळाले तरच त्यांचं भागायचं.

साखळी दोन दिवसांत आली. मग खांब आला. सुईवर दोरा घ्यायचा, खालच्या साखळीच्या घरात सुई घालायची, दोरा वर आणायचा, आणि सुईवरचे तीन फासे दोन-दोन करून सोडवायचे. ऐकायला सोपं आहे. माझी पट्टी वीस खांबांनी सुरू झाली आणि दहाव्या ओळीत अकरावर आली.

"म्याडम, शेवटचा खांब कुठी गेला?"

"केला की."

"मंग पट्टी समोशावानी कावून दिसून राह्यली?"

ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घालतात, तोच पहिला खांब. परत येताना त्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. नवशिकीला त्या साखळ्या खांब वाटतच नाहीत. ती त्यांना सोडून वळते, आणि दर ओळीला एक खांब गळतो.

पट्टी हातात आली की बाई शेवटची ओळ पहिलीवर दुमडायच्या. कडा जुळल्या नाहीत की एकच शब्द: "उसवा." स्वतः दोऱ्याला हात लावायच्या नाहीत. "चुकल्या तुमी, मी कावून ओढू?" तुम्हालाही अशी एखादी बाई भेटली असेल. तेव्हा तुम्हीही तिला खडूसच म्हणाला असाल.

पाहुण्यांना महिनाअखेरीस वेळ नव्हता, म्हणून समारोप पंधराव्या दिवशीच ठरला. प्रदर्शनाच्या टेबलावर बाजारातून आणलेले रुमाल मांडले होते. बाईंनी एक उलटून पाहिला. "मशीनचा हाये," म्हणाल्या आणि खाली ठेवला. बावीस प्रमाणपत्रांवर 'क्रोशाकामात प्रावीण्य' असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. खाली शिक्षिकेच्या सहीची जागा.

बाईंनी एकेकीची पट्टी मागितली, दुमडली, आणि सहा सह्या केल्या. पेनाला टोपण लावलं.

संस्थेचे सचिव हसत आले. "बाई, पाहुणे निंगाले घरून. बाया साड्या नेसून बसल्या. करा ना पटापट."

"साडीवर सही करू का?"

"पुढचा वर्ग पायजे ना तुमाले?"

"पायजे ना. म्हनूनच नाई करत."

सचिवांवर मी तेव्हा चिडले, पण त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. अजून संताप होतो तो माझ्याच वाक्याचा. मी बाईंना म्हटलं, "जाऊ द्या हो, एक सहीच तर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लायब्ररीत होत्या ना तुमी? पुस्तक वापस न घेता जमा झाल्याचा शिक्का मारत होत्या का?"

बत्तीस वर्षांत मी तसा एकदाही मारला नव्हता.

उरलेल्या सोळा प्रमाणपत्रांवर सचिवांच्या वहिनींनी सही केली. त्यांनी सुई कधी हातात धरलेली मी पाहिली नाही. मी माझं प्रमाणपत्र घेतलं, पाहुण्यांशेजारी उभी राहिले, फोटोत हसले. बाई तोवर सुया गोळा करून गेल्या होत्या. पुढचा वर्ग त्यांना मिळाला नाही. दोन महिन्यांनी खोली सोडून त्या अकोल्याला भावाकडे गेल्या.

नव्या वर्गासाठी सचिवांचा मला फोन आला. "म्याडम, तुमीच शिकवा. प्रमाणपत्र हायेच तुमच्याजोळ." फोन मी आपटला. मग पट्टी काढली आणि पहिल्या ओळीपर्यंत उसवली, स्वतःच्या हातांनी. दुसरी ओळ घातली. मोजले. वीस. बाईंना अकोल्याला फोन लावला.

"बाई, वीस आले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तिसरी घाला."

तो नवा वर्ग आता आमच्यातलीच एक जण घेते, तेव्हा माझ्या शेजारी बसायची ती. तिच्या पट्टीच्या शेवटच्या ओळीत नऊ खांब होते. माझ्याहून दोन कमी.