हळ्ळीखेडच्या विहिरीत कोण उतरलं

एकाहत्तरच्या लढाईत मी बीदरला आगीच्या बंबावर होतो. एक चालक, एक जवान आणि त्यांचा प्रमुख मी, अशी आमची तिघांची तुकडी. त्या डिसेंबरात आम्ही आग अशी एकच विझवली, तीही कडब्याच्या गंजीची. बाकी सगळा वेळ वेगळ्याच कामांत गेला. बंबाच्या दिव्यांना काळा रंग फासला, शाळांच्या मैदानांत चर खणून घेतले, दवाखान्याला पाणी पोचवलं आणि गावोगाव फिरून भोंगा वाजल्यावर काय करायचं ते लोकांना शिकवलं. शिकवणारा मी. आधी मराठीत, मग कानडीत, मग दखनीत सांगायचो: "भोंगा वाजला की खोल जागा बघून बसा. दुसरा भोंगा होईपर्यंत हलू नका."

विहिरीत बसू नका, एवढं मात्र मी कुठंच सांगितलं नव्हतं. ते सुचलंच नव्हतं.

हळ्ळीखेडला सकाळी दवंडी देऊन दुपारी सराव ठेवला. चालकानं रस्त्यावर बंबापाशी उभं राहून हाताचा भोंगा फिरवला आणि बघता बघता गाव चरांत गडप झालं. शेतांत कुणी उभं राहिलंय का ते बघायला मी आणि जवान निघालो. तुरीत चिटपाखरू नव्हतं. एका विहिरीतून तेवढा इंजिनाचा आवाज येत होता, तोही अडखळत.

आम्ही वाकून पाहिलं. पाण्याजवळच्या कट्ट्यावर इंजिन चालू होतं, त्याची धुराची नळी फुटलेली होती, आणि इंजिनाशेजारी दोन बायका आडव्या पडल्या होत्या. सासू आणि सून, हे नंतर कळलं. इंजिन चालवणारा सासरा भोंगा ऐकून ते तसंच सोडून चराकडं पळाला होता. बायकांनी माझं ऐकलं होतं. त्या शेतात त्याहून खोल जागा दुसरी नव्हती.

मी ओरडून चालकाला बंब विहिरीपाशी आणायला लावला. आमचा एक नेम होता. विहिरीत माणूस सोडण्याआधी कंदील सोडायचा. ज्योत नीट राहिली तरच उतरायचं. मी बंबावरचा कंदील दोरीनं सोडला. अर्ध्यावर ज्योत काजळली, कट्ट्याजवळ पोचेपर्यंत बारीक होऊन गेली.

"न्हाई उतरायचं," मी म्हणालो. "आधी वरून पाणी मारू, हवा हलू दे."

"तवर ह्या ऱ्हातील का, अण्णा?" जवान कमरेला दोर बांधत होता.

"हुकूम हाय माझा."

"मग लिहून ठेवा, ऐकला न्हाई म्हणून. फवारा चालू करा. दोर हिसकला की वढा."

अंगानं तो अगदी किडकिडीत. ठाण्यात सगळे त्याला चिडवायचे, की पाइप धरायला ह्याला नको, पाइपच ह्याला धरून नेईल. त्यानं दोन-तीनदा छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि दगडी पायऱ्यांवरून उतरला. पायऱ्या अर्ध्यावरच संपल्या होत्या. पुढं घरच्यांनी उतरायला कोरलेल्या खोबणींत बोटं रोवत तो गेला. खाली पोचल्यावर त्यानं आधी इंजिन बंद केलं. तो आवाज थांबला तसे फवाऱ्याचे थेंब पाण्यावर पडलेले ऐकू येऊ लागले. सासूच्या काखेखालून त्यानं दोर घेतला, गाठ मारली, हिसका दिला. त्या सगळ्या वेळात त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. माणसाच्या छातीत एवढी हवा मावते, हे मी तोवर ऐकलंही नव्हतं.

चालकानं आणि मी मिळून सासूला ओढून घेतलं. तो पायऱ्यांपर्यंत चढला, मान फवाऱ्याखाली धरून श्वास घेतला आणि पुन्हा उतरला, सुनेसाठी.

दोघी वर आल्यावर उघड्या हवेत हळूहळू शुद्धीवर आल्या. तो बांधापलीकडं ओकत बसला होता.

"एवढा दम कुठं शिकलास रे?" चालकानं विचारलं.

"राजेश्वरला. दगडाच्या खाणीत, पाण्यात बुड्या मारून. आम्हाला हिरीत कोण उतरू द्यायलंय?"

छप्पन सालानंतर त्याच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. मी शेतकरी मराठ्याच्या घरातला. त्या विहिरीचं पाणी त्या दोघींचं घर प्यायला वापरत होतं.

दुसरा भोंगा झाला, लोक धावत आले. सासरा माझे हात धरून रडत म्हणाला, "कोण उतरलं, अप्पा? कुणी वाचवलं?"

मी म्हणालो, "मी."

जवानाचं नाव सांगितलं असतं तर आधी जात विचारली गेली असती आणि मग पाणी बाटलं म्हणून गोंधळ झाला असता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की सगळं गाव माझ्याकडं बघत होतं आणि मला ते आवडलं. मला हार घातला. जवान दोर गुंडाळत होता. त्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गुंडाळू लागला. ठाण्याच्या वहीत मी तेच लिहिलं. पुढं मला बढती मिळाली. तो जवान म्हणूनच निवृत्त झाला आणि दोन वर्षांत वारला. चालकही गेला. खरं सांगणारा मी एकटाच उरलो.

गेल्या वर्षी मी हळ्ळीखेडला गेलो. सासू-सासरे राहिले नव्हते. सून आता स्वतः सासू झालेली. ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, पाण्याचं आणि जातीचंही.

तिनं विचारलं, "मग मला कामून विचारलं न्हाई तुम्ही? जीव माझा व्हता."

ती आत गेली, लुगडं बदलून आली आणि म्हणाली, "चला, त्यांचं घर दाखवा."

आम्ही बसनं राजेश्वरला गेलो. त्याची बायको दारातच शेंगा फोडत होती. मला ओळखून तिनं "या अण्णा" म्हटलं, त्यामुळं तर बोलणं अजूनच जड गेलं. तरी सांगितलं. ती फोडायची थांबली, पण चिडली नाही. ह्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मग सुनेकडं बघत ती म्हणाली, "हळ्ळीखेडचं कुणी भेटलं की हे विचारायचे, त्या इंजिनाच्या हिरीच्या घरच्या दोघी बऱ्या हायत का. मला वाटायचं, ठाण्यातल्या कुणाच्या सोयऱ्या असतील."