अंगणात हाड नको

आमच्या घरात माळ. माझ्या गळ्यात, बायकोच्या गळ्यात. मांस-मच्छी तर नाहीच, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. फैजपूरकडे केळीच्या बागेत राखणीला राहायचो तेव्हाची गोष्ट. केळी भरायच्या शेडच्या आढ्यावरून घुबडाचं पिल्लू खाली पडलं. पांढरं तोंड, अंगावर कापसासारखी लव. मी म्हटलं, पडू दे, मांजर नेईल. बायकोनं उचललं आणि मजुराकडून कोंबड्यांचं डालं आणून त्याखाली झाकलं.

आधी तिनं दूध-भाकरी दिली. ते तोंड फिरवायचं. मग शेजारच्या मजुराच्या बायकोला सांगून कलेजी आणायला लागली. एकदम मऊ, बारीक कापलेली. हाडाचा कण चालायचा नाही. “हाड आंगनमा नको पडाले. तुळस शे,” म्हणायची. चिमट्यानं भरवायची आणि प्रत्येक वेळी अंघोळ करायची.

मी चिडवायचो, “माळकरीन बाई खाटीक व्हयनी.”

“तुमले वरन देसू, त्याले कलेजी. तुमले जमस तं बदली ल्या.”

तिचं एकच सांगणं होतं. मोठं व्हयनं का सोडी देसूत. लक्ष्मीनं वाहन शे, कोंडीसन काय करानं?

ते मोठं झालं, पण उडेना. डाल्याबाहेर यायचं, पंख पसरायचं आणि लोळायचं. ती म्हणायची, शिकेल. शिकायच्या आधी तीच गेली. सकाळी चूल पेटवायला बसली आणि तिथंच कलंडली. दवाखान्यापर्यंतसुद्धा नेता आलं नाही.

दहाव्याला चुलतभाऊ सगळ्यांसमोर बोलला, “आबा, घरनी बाई गयी आन घुबड ऱ्हायनं. उलटं व्हतं तं बरं व्हतं.” मी त्याला उठून जायला सांगितलं. तो उठला नाही, जेवूनच गेला.

मग पोरानं मला जळगावला आणलं. तिसरा मजला. खाली उतरायचं तर गुडघे बोंबलतात, वर बसायचं तर चार भिंती आणि सुनेची सीरियल. पोर वाईट नाही, सूनही नाही. ताट वेळेवर येतं. पण दार लावून घेतात आणि मी आत असतो, एवढंच. घुबडाचं डालं मी सोबत आणलं, बाल्कनीत ठेवलं होतं. घुबड चिरकायला लागलं की वरचे-खालचे दार वाजवायचे. सून म्हणाली, “आबा, लोक म्हणतात या मजल्यावर अपशकुन पाळलाय. मी कुणाकुणाला उत्तर देऊ?” एक दिवस वनखात्याचा गार्ड आला. कुणी फोन केला ते मी विचारलं नाही.

“आबा, हे घरी ठेवणं गुन्हा आहे.”

“मग मला धर.”

“तुम्हाला धरून काय करू? डालं द्या.”

गावाबाहेर जखमी जनावरांचा दवाखाना आहे, तिथं नेलं. दर महिन्याला तपासणी होते. मी रिक्षा करून जायचो. पण जाळीपर्यंतच. डॉक्टरबाई तरुण, आवाज कडक. पहिल्याच दिवशी बजावलं, “आजोबा, समोर यायचं नाही. हाक मारायची नाही. माणसाची सवय राहिली तर बाहेर सोडल्यावर कुणाच्याही दारात जाऊन बसेल आणि दगड खाईल.” बरोबरच होतं. मी खिडकीआड उभा राहायचो.

तपासणी कशी, तर डोक्यावर फडकं टाकायचं, दोन्ही पाय एका मुठीत घट्ट धरायचे. पिशवीत घालून वजनकाट्याला लटकवायचं. मग डोळे, चोच, पंजाचे तळवे. छातीचं मधलं हाड बोटानं चाचपायचं, ते टोचलं तर जनावर खंगलंय. ते गप्प पडून राहायचं. बायकोच्या हातात कधी असं गप्प नव्हतं.

या वेळी पंखांचा एक्स-रे काढला होता. सोडायचं की नाही ते आज ठरणार होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ते उडालं असतं तर तिचा शब्द खरा झाला असता, बाकी मला काही नको होतं. आणि खरं सांगायचं तर, उडालं की माझं घराबाहेर पडायचं कारणही संपत होतं, हेही डोक्यात होतं.

डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. काचेवर काळं चित्र लावलं होतं.

“दोन्ही पंखांची हाडं वाकडी जुळलीत. लहानपणीच. याला काय खायला द्यायचात?”

“कलेजी.”

“नुसती? हाडाशिवाय?”

“मऊ. हाड काढून.”

“अहो, हे उंदीर अख्खा गिळतं. हाडं, केस, सगळं. त्या हाडांवरच याची हाडं बनतात. इतक्या मायेनं सोलून दिलंत आणि पांगळं केलंत. कुणी भरवायचं?”

डालं नेणारा तो गार्ड दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याला मी मागे सगळं सांगितलेलं.

“मी,” म्हटलं.

त्यानं नजर काचेवरच्या चित्राकडे वळवली. मग डॉक्टरबाई मला बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं. मेलेल्या बाईला कुणी आणि का बोलावं? मी आहे ना जिवंत, मला बोला.

बोलून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. “आता हे कधीच सोडता येणार नाही. जन्मभर पिंजऱ्यातच.”

मी मान हलवली.

“म्हणजे आता माणसाची सवय असली काय, नसली काय,” त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. “यायचं तर आत येत जा. पण खायला मी सांगेन तेच, आणि तुमच्या हातानं.”

ते उडणार नाही म्हणून मला आत जायला मिळालं. हे सुख म्हणायचं की काय, मला अजून कळलेलं नाही.

गार्डनं ताटलीत मेलेला उंदीर दिला. माळ मी सदऱ्याच्या आत सरकवली. आत गेलो तशी त्यानं बाहेरून कडी लावली, नियमच आहे तसा. घुबड खालच्या फांदीवर बसलं होतं. त्यानं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. मी शेपटी धरून उंदीर पुढे केला. बराच वेळ ते नुसतं बघत राहिलं, मग त्यानं तो चोचीत घेतला आणि मान वर करून गिळायला लागलं.

“आबा, झालं का?” गार्ड बाहेरून म्हणाला.

“थांब रे. शेपटी राहिली आहे.”