नऊ किलोंचं टेबल

नऊ किलो चारशे ग्रॅम. कडा गावच्या दूध सोसायटीच्या काट्यावर टेबलाचं हे वजन भरलं, तेव्हा चेअरमन, माझी पत्नी सुमन आणि मी असे तिघे हजर होतो. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी या सोसायटीचा सचिव झालो. दुष्काळानं दूध निम्म्याच्या खाली आलं होतं. सकाळी आठनंतर काटा रिकामाच असे.

टेबल भानुदाससाठी होतं. नायक भानुदास माझा सेक्शन कमांडर, म्हणजे आमच्या दहा जणांच्या तुकडीचा प्रमुख; मी त्याचा एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा गनर. एका टेकडीवरच्या हल्ल्यात आमचे दोन जवान, शिपाई ज्ञानोबा आणि लान्स नायक उत्तम, गेले आणि भानुदासच्या कण्याला गोळी लागली. तेव्हापासून तो चौसाळ्याजवळच्या वस्तीवर खाटेवर आहे. चढाई डाव्या नाल्यातून करायची की टेकडीच्या उजव्या सोंडेवरून, हा निर्णय त्याचा होता. त्यानं नाला निवडला. सोंडेवरून गेलो असतो तर दोघं वाचले असते, हे तो अकरा वर्षं म्हणत होता. उत्तमची आई गेवराईकडच्या गावात राहते. ती त्याला दरवर्षी पुण्यतिथीला बोलवायची. भानुदास एकदाही गेला नाही.

त्याचा निर्णय बरोबर होता, हे तोंडानं सांगून त्याला पटत नव्हतं. पलटणीत आम्ही हल्ल्याआधी जमिनीची नक्कल मांडून वॉरगेम खेळायचो. सोंगट्या म्हणजे जवान, फासे म्हणजे फायर. तोच खेळ त्याच्या खाटेवर मांडायचं मी ठरवलं. पुण्यतिथीला नऊ दिवस होते.

पहिलं टेबल बाभळीच्या लाकडाचं केलं. फौजी सवय, सगळं मजबूत. भरलं एकतीस किलो.

"ह्ये टेबल हाय का पाण्याचा टँकर?" सुमन म्हणाली. "भाऊजींची खाट मोडंल. आन् मोटारसायकलवर नेणार कसं?"

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या टेबलाचं सामान दुष्काळातूनच निघालं. विहीर आटल्यामुळे स्प्रिंकलरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या पडून होत्या. त्यांचे दुमडणारे पाय केले, खाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहतील असे. सोसायटीची दूध थंड ठेवायची खोली बंद होती. तिच्या भिंतींचा थर्माकोल चेअरमननी रीतसर ठराव करून दिला. त्याच्या वर-खाली तीन मिलिमीटरचं प्लायवूड चिकटवलं. चार फूट बाय तीन फूट, मधोमध बिजागरी.

सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला वस्तीवर पोचलो. टेकडी तिथेच थर्माकोलच्या थरांची केली.

"मापं तू सांग. मी फक्त कापतो," मी म्हणालो.

दोन तास त्यानं एकेक उंचवटा सांगितला. मग विचारलं, "दुश्मन कोण?"

"मी. वरची एमएमजी मशीनगन माझी."

"सूट दिलीस तर याद राख बे."

तो सोंडेवरून चढला. तिसऱ्या चालीत सेक्शन संपलं. पुन्हा खेळला. पुन्हा संपलं.

"फासे लबाड हायेत तुजे."

मी फासे बाजूला ठेवले. एमएमजीच्या जागी टाचणी टोचली, तिला गोळीची वाट म्हणून दोरा बांधला आणि ताणून सोंडेवर नेला. खालपासून वरपर्यंत दोरा कुठंच अडला नाही. सोंडेवर आडोसा नव्हताच. मग नाल्यात नेला. प्रत्येक ठिकाणी मधला उंचवटा आड येत होता. शेवटच्या चाळीस मीटरलाच दोरा मोकळा झाला.

"हितंच गेले दोघं," भानुदास म्हणाला.

"इथंच. पण इथवर दहाच्या दहा जिवंत आलो. सोंडेवर पायथ्यालाच गेलो असतो."

त्यानं दोरा माझ्या हातून घेतला. स्वतः चार वेळा ताणून पाहिला. उंचवटे त्यानंच सांगितलेले होते, बोट ठेवायला जागा नव्हती. मग दोरा गुंडाळून त्यानं टाचणीजवळ ठेवला.

"पुण्यतिथीला गाडी किती वाजता निघतीय?"

सोसायटीच्या पिकअपमध्ये आम्ही त्याला गादीवर निजवून नेलं. दहा वाजता पोचलो. उत्तमची आई दारात उभी होती.

"लई वाट बघायला लावलीस रं," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

अंगणात साठ-सत्तर माणसं होती. भानुदासनं पडल्या पडल्या सॅल्यूट केला आणि परेडच्या आवाजात रिपोर्ट दिला.

"शिपाई ज्ञानोबा, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शहीद. लान्स नायक उत्तम, सहा चौदा. दोघंबी सगळ्यांच्या म्होरं होते. सहा वाजून वीस मिनिटांनी टेकडी आपली झाली."