डिस्क माझ्यासमोर होती आणि आवाज वाटूरहून येत होता

आधीच सांगतो... अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर त्यावरून खुशाल गाडी घालणारा माणूस मी. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, आमचे सर्व्हर सगळे विंडोजऐवजी लिनक्सवर. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते लॉगमध्ये, म्हणजे मशीननं स्वतः लिहिलेल्या नोंदींत सापडतं, एवढंच आमच्या धंद्यात शिकवतात. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलोय. आता स्वतःच लिहायला बसलोय, आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये.

माझी मोठी बहीण सुनंदाताई वाटूरला असते. दाजी तिथंच शाळेवर शिक्षक. त्यांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेले की नुसतं ‘अं... अं...’ आणि मग डोळ्यांत पाणी. पूर्ण वर्गाला आवाजानंच ताब्यात ठेवणारा माणूस!

घरात एक जुना डेस्कटॉप होता. त्यावर मीच लिनक्स टाकून दिलं होतं, कारण दुसरं काही त्या मशीनला झेपत नव्हतं. दाजी वर्गात शिकवताना धडे रेकॉर्ड करायचे, गैरहजर पोरांसाठी, आणि सगळे त्यात साठवायचे. स्पीच थेरपीच्या मॅडमनी ताईला सांगितलं, यांचाच आवाज यांना ऐकवा, सोबत म्हणायला लावा. ताई रोज दुपारी जेवण झालं की लावायची. हळूहळू दाजी ‘मुलांनो’मधलं ‘मुलां’ म्हणायला लागले होते. त्या दिवशी ताईनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती, आनंदानं.

बॅकअप होता का, असं तुम्ही विचाराल. नव्हता. दाजी बोलत होते तोवर त्यांचा आवाज जपून ठेवायचं कुणाला सुचणार?

एके दिवशी ताईचा फोन आला. कॉम्प्युटरवर अपडेटचा मेसेज सारखा येत होता, तिनं ‘होय’ दाबलं, आणि नंतर ते चालूच होईना. तिला वाटलं आपल्या हातून बिघडलं. मी म्हणालो, ताई, हे रोजचं आहे, रविवारी येतो, अर्ध्या तासाचं काम.

खरंच तसंच वाटलं होतं. अपडेटनंतर लिनक्स बूट न होणं हा काही भुताटकीचा प्रकार नाही. रविवारी सकाळी मंठा रोडनं बाइकवर वाटूर गाठलं. चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं... कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टिम सापडत नाही, म्हणजे मशीनला डिस्कवरचं लिनक्सच सापडेना. मेनूतून अपडेटच्या आधीचा जुना कर्नल निवडला, तरी तेच. मग पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केलं आणि डिस्क उघडायला गेलो. आधी एररवर एरर आले, आणि थोड्या वेळानं डिस्क दिसायचीच बंद झाली. केबल बदलून पाहिली, पोर्ट बदलून पाहिलं. ती आतून टक टक वाजत होती फक्त. अपडेटच्या वेळी जास्तीचं काम पडलं आणि तिनं मान टाकली, असा माझा अंदाज. इथपर्यंत सगळ्याला कारण आहे.

दाजी पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. ताईनं एकदाच विचारलं, “होईल ना रे?” मी होईल म्हणालो.

डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि जालन्याला नदीमच्या दुकानावर आलो. नदीम माझा जुना दोस्त, डेटा रिकव्हरी करतो. त्यानं रविवार असून शटर उघडलं. डिस्क त्याच्या मशीनला लावली, कानाला लावून ऐकली, परत लावली. शेवटी टेबलावर ठेवून म्हणाला, आता ही फिरत सुद्धा नाही, पुण्याला पाठवून बघू, पण आस ठेवू नको.

ताईला हे कसं सांगायचं याचा विचार करत बसलो होतो तेवढ्यात तिचाच फोन आला.

“चालू झालं रे,” ती म्हणाली. “आवाज येऊन राह्यला यांचा. काय केलंस तू?”

मला वाटलं तिनं मोबाइलवर काहीतरी लावलंय. म्हटलं, ताई, फोन जरा तिकडं धर. तिनं धरला. मी स्पीकर चालू केला.

आधी पोरांचा गलका. मग दाजींचा आवाज, झटक्याच्या आधीचा, खणखणीत. “सूर्याकडं तोंड करून उभे राहा. सगळे. समोर कोणती दिशा?” पोरं एका सुरात ओरडली, “पूर्व!” “आता डावा हात वर करा. ही उत्तर.” थोडा वेळ नुसता गलका. मग, “आता उजवा—” आणि आवाज तुटला.

नदीम टेबलावरच्या डिस्ककडे बघत होता. म्हणाला, “यार, डिस्क तर इथं आहे.”

मी तसाच वाटूरला परत गेलो. कॉम्प्युटर चालू होता, स्क्रीनवर ‘बूट करायला डिस्क नाही’ एवढंच. कॅबिनेट उघडून बघितलं, आत डिस्कची जागा रिकामी. ताईचा मोबाइल तपासला, त्यात एकही धडा नव्हता. ताई म्हणाली, “सवयीनं बटन दाबलं रे, डिस्क तू घेऊन गेल्ता ते ध्यानातच न्हाई राह्यलं. अन् हा धडा तर मी कधी ऐकलाच न्हवता.” आवाज सुरू होता तेव्हा दाजी पडल्यापडल्या डावा हात वर करून होते, असंही तिनं सांगितलं.

रविवारी दुपारी पोरांचा गलका कुठून आला? बिनडिस्कच्या मशीनमध्ये आवाज कुठं साठवलेला होता? माझ्या सवयीनं मी लॉग शोधायला गेलो आणि मग लक्षात आलं... लॉग लिहायला सुद्धा डिस्क लागते.

पुण्याहून डिस्क तशीच परत आली. काहीच निघालं नाही. मी नवी डिस्क टाकली, लिनक्स टाकलं, मशीन बराबर चालतंय. त्यात दाजी नाहीत. थेरपीच्या मॅडमनी दुसऱ्या शिक्षकांचे धडे लावून बघायला सांगितलं, तर दाजी भिंतीकडं तोंड करतात. ‘मुलां’ पण गेलं.

आता दर रविवारी मी वाटूरला जातो. त्या दिवशी फोनवर जेवढं ऐकलं तेवढं त्यांच्यासमोर उभा राहून म्हणतो, त्यांच्यासारखं, मध्ये मध्ये थांबत. दाजी माझ्या ओठांकडं बघतात आणि डावा हात वर करतात. पण खरं सांगू, आवाज आठवायला गेलो की हल्ली मला माझाच ऐकू येतो. त्यांचा कसा होता ते दर आठवड्याला थोडं थोडं निसटतंय, आणि ते कुठून रिकव्हर करायचं हे मला माहीत नाही.

मागच्या रविवारी ताईनं विचारलं, उजव्या हाताचं पुढं काय म्हणाले असते रे हे?

मी त्यांच्या पलंगावर पडलेल्या उजव्या हाताकडं बघितलं. दाजी डावा हात वर धरून वाट बघत होते.