तीन वर्षं आणि दोन महिने

आमच्या टाकळीत पोराला शाळेत कधी घालायचं याचं एकच माप होतं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की पोर शाळेजोगं झालं. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी सगळ्यांची एक जून लिहीत. माझीही एक जूनच आहे.

सिंधुबाईंच्या गौतमीची तारीख मात्र पक्की होती. त्र्याऐंशी साली जयंतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा एप्रिलला ती झाली. सिंधुबाईंनी पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं ती रंगानं लिहून ठेवली होती.

सिंधुबाई हदगावकडच्या. दहावी पास. बौद्धवाड्यातल्या श्रीमंतशी लग्न होऊन त्या टाकळीत आल्या, तेव्हा त्या वाड्यात त्यांच्याएवढी शिकलेली बाई नव्हती. आमच्या गल्लीतही नव्हती, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. श्रीमंतची दोन एकर कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नव्या कचेऱ्या निघाल्या. श्रीमंतची थोरली बहीण चांगुणा, तिचा नवरा शेषेराव जिल्हा परिषदेत शिपाई म्हणून लागला. त्यानंच निरोप धाडला, की गावोगाव अंगणवाड्या निघणार आहेत, सिंधूला अर्ज करायला लावा. त्यांची निवड झाली. कागदावर अंगणवाडी, गावाच्या तोंडी बालवाडी.

ती भरवायची कुठं, हा प्रश्न आला. मारुतीच्या देवळाची पडवी मोकळी होती. गावानं नाही म्हटलं नाही. पण विचारायला गेलं की पडवीत कधी कुणाचा कडबा असायचा, कधी कुणाची पोती. शेवटी बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात बालवाडी भरली आणि वाड्यातलीच अकरा पोरं तिथं यायला लागली.

सिंधुबाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरल्या. आमच्याही दारात आल्या. मी तेव्हा अडीच-तीन वर्षांची असेन. माझी आजी कोंडाबाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "लई लहान हाय गं सिंधू अजून. हात कानाला लागू दे, मग शाळंतच घालू."

"हाव माय. मोठी झाली की धाडा."

माझ्यापेक्षा लहान पोरं तिकडं गाणी म्हणत होती, हे आजीला ऐकू येत होतं. सिंधुबाईंनाही कळत होतं. 'लहान हाय' हे साऱ्या गावानं शोधून काढलेलं सभ्य उत्तर होतं. पुढं मी शिक्षिका झाले, आमच्याच भागातल्या शाळेत आले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "शिवकन्या, तुझं नाव मी त्याच दिवशी लिवलं होतं. हजेरी तेवढी कोरी ठेवली."

गौतमी तेव्हा बालवाडीत आईजवळच असायची. आईनं दुसऱ्या पोराला उचललं की ती रडायची, पदर धरून लोंबायची. सिंधुबाईंना वाटायचं, बाकीच्या आया म्हणतील ही स्वतःच्याच लेकराला बघते. म्हणून वर्गात त्यांनी तिला शिकवलं की इथं मला आई म्हणायचं नाही, सगळे म्हणतात तसं 'बाई' म्हणायचं. दोन-चार दिवस तिचा गोंधळ झाला, मग ती म्हणायला लागली.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात सिंधुबाई तीन महिने लातूरला प्रशिक्षणाला गेल्या. चांगुणाच्या दोन खोल्यांत राहिल्या, गौतमी बरोबर होती. जिथं प्रशिक्षण होतं तिथंच शेजारी एक बालमंदिर होतं. बुटक्या लाल खुर्च्या, वाळूचा हौद, दोरीला टांगलेले रंगीत मणी. कचेरीतल्या साहेबांची पोरं आणि शिपायांची पोरं एकाच रांगेत डबा खायची. डबा उघडल्यावर कोण कुठल्या वाड्यातला, असं कुणी विचारत नव्हतं. सिंधुबाई मधल्या सुट्टीत कुंपणाशी उभ्या राहून बघत बसायच्या.

तिथल्या मोठ्या बाईंना त्यांनी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तीन पूर्ण झाली की घालावं. पण आईच्या वर्गात मूल नको. मूलही शिकत नाही आणि आईलाही शिकवू देत नाही." वाईट हेतूनं सांगितलेलं नव्हतं ते. प्रशिक्षणातही तेच शिकवत होते. सिंधुबाईंनी ते मनात धरून ठेवलं.

गावी आल्यावर त्यांनी श्रीमंतजवळ विषय काढला. त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "दुसऱ्याची लेकरं सांभाळायला सरकार तुला ठिवतंय, अन् आपलं लेकरू तू दुसऱ्याला देऊन राहिलीस."

"दुसरं कोण हाय? आक्का हायत की. तुमचीच बहीण."

"अन् तुझी बालवाडी? ती बेकार हाय का?"

दारोदार फिरून ज्या बालवाडीत पोरं पाठवा म्हणून सिंधुबाई सांगत होत्या, तिच्यात स्वतःची पोरगी ठेवायला त्यांचा जीव धजत नव्हता. शेणानं सारवलेली एक खोली, एक फळा, पोरांना वाटायच्या सुकडीचं पातेलं. पुढं पहिलीतही हीच पोरं, हाच वाडा, शाळेत बसायला तोच दाराजवळचा कोपरा. "एक वरीस," त्या म्हणाल्या. "तिला सवय लागू द्या. न्हाई जमलं तर आणू."

शहाऐंशीच्या जूनमध्ये त्यांनी गौतमीला लातूरला नेलं. तीन वर्षं आणि दोन महिन्यांची. बालमंदिराच्या फाटकात मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. सिंधुबाईंनी मनाची तयारी केली होती ती तिच्या रडण्याची. गौतमी रडली नाही. तिला ते मणी दिसले आणि ती आत गेली. चांगुणा म्हणाली, "चल आता. माघारी बघू नको, तुला बघून रडंल."

"बघतच न्हाई ती," सिंधुबाई म्हणाल्या.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. पेरलेलं उगवलं नाही, दुबार पेरलं तेही करपलं. पोळ्यापर्यंत गावच्या आडात बादली आपटायला लागली. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि आजवर दुसऱ्याच्या शेतात न गेलेल्या बायाही टोपली घेऊन तिकडं जायला लागल्या. माझी आईही गेली. मला घरी सांभाळणारी आजी. तिचे गुडघे धरलेले. आणि समाजमंदिरात रोज सुकडी शिजत होती.

एके दिवशी आजीनंच मला तिथं नेलं. घरची ताटली, घरचा तांब्या बरोबर दिला. दारातच उभी राहून म्हणाली, "सिंधू, हिला बसव. वाढताना जरा बघून." सिंधुबाईंनी बरं म्हटलं. त्यांनी मला हात धरून आत नेलं आणि रजिस्टर उघडलं.

पहिले काही दिवस मी घरी आले की आजी अंगावर पाणी शिंपडून मगच आत घ्यायची. मग टँकर चार दिवसांनी यायला लागला, पिण्यालाच पाणी पुरेना. शिंपडणं बंद झालं. पुढं पाऊस झाला तरी आजीनं ते परत सुरू केलं नाही. हिवाळ्यापर्यंत बालवाडीत चाळीस पोरं झाली. निम्मी आमच्या गल्लीतली.

मी रडवी होते. आई पहाटेच कामावर जायची, दिवसभर दिसायची नाही. सिंधुबाई मला मांडीवर घेऊन पातेलं ढवळायच्या, मला कडेवर घेऊन फळ्यावर लिहायच्या. त्यांच्या लुगड्याला धुराचा आणि गुळाचा वास यायचा. तो मला आजही आठवतो.

गौतमीला दर शनिवारी भेटायचं ठरलं होतं. पण चाळीस पोरं, सुकडी, वजनं, टँकरची रांग, रजा मिळेना. महिन्यातून एकदा जाणं व्हायचं, कधी तेही नाही. पहिल्या भेटीत गौतमी धावत येऊन गळ्यात पडली आणि निघताना इतकी रडली की बस चुकली. दुसऱ्या भेटीत तिनं चित्रं दाखवली, निघताना जरा रडली. संक्रांतीच्या सुमारास सिंधुबाई गेल्या, तेव्हा ती चांगुणाच्या मागं उभी राहिली. चांगुणाची दोन पोरं चांगुणाला आई म्हणायची, त्यांचं ऐकून तीही आई म्हणायला लागली होती.

चांगुणा ओशाळली. "अगं, आत्या म्हण. तुझी आई ही बघ, आली न्हवं का."

गौतमीनं सिंधुबाईंकडं नीट पाहिलं आणि ओळख पटल्यासारखं हसून म्हणाली, "बाई."

चांगुणावर रागवायला जागाच नव्हती. तिनं पोरीला स्वतःच्या पोरांसारखं वाढवलं, तिच्या तापात रात्री जागली. सिंधुबाई मला म्हणाल्या होत्या, "आक्कांनी जीव लावला म्हणून तर असं झालं. हाल केले असते तर पोरगी माझ्याकडं पळत आली असती. मग काय, आक्कांनी हाल करायला पायजे होते, असं म्हणू का मी?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी तिला टाकळीला आणलं. मनात होतं की आता परत धाडायची नाही. वर्ष झालं, सवय लागली, पुरे. पण टँकरचं पाणी गढूळ. आठव्या दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले. अहमदपूरच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. चौथ्या दिवशी चांगुणा आली, गौतमी तिच्या गळ्यात पडून रडली, "घरी चल, घरी चल." श्रीमंत बाहेर जाऊन उभा राहिला. सिंधुबाईंनी पिशवी भरली, पेटीतून तिचा एक फ्रॉक काढून वर ठेवला.

एका वर्षाचं दुसरं झालं. मग पहिली, मग चौथी, मग दहावी. दरवर्षी थांबवायचं म्हणायचं आणि दरवर्षी काहीतरी कारण निघायचं. कधी पाणी, कधी चांगली शाळा, कधी स्कॉलरशिपची परीक्षा. गौतमी हुशार निघाली. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, तेव्हा गावात पेढे वाटत फिरलेल्या सिंधुबाई मला आठवतात. आमच्या दारातही आल्या. आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं, सिंधू."

नंतर सिंधुबाई मला वाटेत म्हणाल्या, "आता सगळेच म्हणतेत, बरोबर होतं. मी कुणाला सांगू?"

गौतमीला नांदेडलाच पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. ती आईशी वाईट वागली असं मी कधी पाहिलं नाही. दर महिन्याला फोन करायची, साडी पाठवायची, औषधपाण्याची चौकशी करायची. फक्त ती चांगुणाला 'अगं आई' म्हणायची आणि सिंधुबाईंना 'अहो आई'. पाहुण्यांना वाटायचं, केवढी संस्कारी मुलगी.

नातू अडीच वर्षांचा झाला तेव्हा सिंधुबाई नांदेडला गेल्या होत्या. गौतमी तीन-चार शाळांची माहितीपत्रकं पसरून बसली होती. तिनं विचारलं, "तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. कधी घालावं मुलाला? तुम्हाला काय वाटतं?"

तोवर सिंधुबाईंच्या हाताखालून पाच-सहाशे पोरं गेली असतील. कुठलं पोर तयार आहे आणि कुठलं अजून महिनाभर आईच्या पदराशी राहू द्यावं, हे त्या दारातून आत येणाऱ्या पोराची चाल बघून सांगायच्या. आयांना सांगायच्या, "हाताचं अन् कानाचं सोडा. तुम्ही उठून गेलात अन् त्यानं तुम्हाला शोधलं, पण घाबरलं न्हाई, तर धाडा." पण गौतमीला त्या म्हणाल्या, "मला नको विचारू, बाई." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी येऊन राहू का इथं? वर्षभर मीच सांभाळते त्याला. रजा घेते, न्हाई तर सोडते काम."

"कशाला त्रास तुम्हाला? खाली कोपऱ्यावरच प्ले-ग्रुप आहे. त्याला आवडेल."

पुढच्या सोमवारी त्याला घातलं. सिंधुबाई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. "न्हाई रडला," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

श्रीमंत आधीच गेला होता. चांगुणाही गेली, तिच्या वेळी गौतमी महिनाभर आजारी होती असं ऐकलं. सिंधुबाई निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी, हिवाळ्यात, सकाळी चूल पेटवताना पडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समाजमंदिरात माणूस मावत नव्हता. भंतेजींची वंदना झाली, गावातली चार माणसं बोलली. त्यांत तिघं जण त्यांच्याच बालवाडीतले, एक तर सरपंच. गौतमी पुढं बसली होती. पांढरी साडी, हात मांडीवर. लोक बोलत होते त्या बाईबद्दल ती पाहुण्यासारखी ऐकत होती.

जेवणं झाल्यावर ती मला शोधत आली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. एका वयाच्या आम्ही, पण आमचं बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

"तुम्ही त्या दुष्काळात होता ना तिच्याकडे?" तिनं विचारलं. "तुम्हाला मांडीवर घ्यायची म्हणे."

"हो."

"कशी होती?"

मी आठवेल ते सांगत गेले. पातेलं ढवळताना गाणं म्हणायच्या ते, नखं कापायच्या ते, ताप आला की ओल्या फडक्याऐवजी स्वतःचा हात कपाळावर ठेवून बसायच्या ते. मग मी ते सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावं की नाही हे तेव्हाही मला कळत नव्हतं. म्हटलं, "कधीकधी कामाच्या गडबडीत त्या मला तुमच्या नावानं हाक मारायच्या. गौतमी, इकडं ये. गौतमी, ताटली आण."

तिनं विचारलं, "लक्षात आल्यावर काय करायची?"

"काही नाही. मीच ओ द्यायची."

तिनं मान हलवली. समाजमंदिरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. साडेपाचला नांदेडची गाडी होती. गाडी निघून गेली तरी गौतमी बाकावरून उठली नव्हती.