अर्धं राहिलेलं रडणं

हुहतीवारा गावात मरायचं तर आधी पलागाला विचारून मरावं, असं लोक म्हणत. थट्टेनंच म्हणत, पण तिच्या पाठीमागं आणि जरा हळू आवाजात.

कारण पलागा रडायची. तसं रडत कोण नाही? पण सुताराचं सुतारकाम असतं, तसं पलागाचं रडणं हे काम होतं. गावात माणूस गेलं की तिला बोलावणं यायचं. ती यायची, डोक्यावरचा रुमाल पुढं ओढून तोंड झाकायची, मेलेल्याच्या उशाशी बसायची आणि सूर लावायची. त्या सुरात ती पलीकडच्या आप्तांना हाक मारायची, की दार उघडा, पाहुणा निघालाय. मग मेलेल्याला वाट दाखवायची, कुठं वळायचं, कुठं पाणी आहे, कुठं कुत्री आहेत. आणि सगळ्यात शेवटी दार लावून घ्यायची. ‘न्यायचं ते नेलंत, आता मागं फिरा. वाटेवर गवत उगवू दे, फाटकाला खीळ बसू दे.’ हा शेवट बांधल्याशिवाय ती जागची हलत नसे. वाट उघडी राहिली तर मरण एकावर थांबत नाही, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अकराव्या वर्षी ती हे आत्याकडून शिकली. नवरा ईवाना वसंतातल्या कच्च्या बर्फातून तळ्यात गेला, तेव्हा त्यालाही तिनंच वाट दाखवली. दोन लेकरांना दाखवली. उरला एक हुओती, चोवीस वर्षांचा, बापासारखा लांब हाताचा आणि बापासारखाच निष्काळजी.

शेजारी तेप्पाना नावाचा म्हातारा कोळी राहायचा. बायको गेल्यापासून त्याचं निम्मं जेवण पलागाकडं आणि सगळी करमणूक पलागावर.

“माझ्या वेळेला जरा लांबव हो पलागा. बायकोच्या वेळेला तू आटोपतं घेतलंस.”

“तू आधी मर तर खरा.”

“मरतो की. पण पिराक्के खाऊन.” आणि तो काळ्या पिठाचा, कडा चिमटून लापशी भरलेला गरम पिराक्का उचलायचा.

एकच नियम पलागानं कधी मोडला नव्हता. समोर मृत नसताना मेल्याचं रडणं रडायचं नाही. शिकवायला नाही, दाखवायला नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. लग्नातलं रडणं निराळं, ते नवरीला निरोप द्यायला असतं. मेल्याचं रडणं म्हणजे हाक. हाक मारली की कुणीतरी येतं, आणि आलेलं रिकाम्या हातानं जात नाही.

तो नियम मोडला एकोणीसशे एकोणचाळीसच्या ऑगस्टात.

हेलसिंकीहून एक साहेब आले, सार्किला नावाचे. पातळ मिशी, जाड चष्मा आणि सोबत एक कर्ण्याचं यंत्र. मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरून ठेवायचं. साहेब पुस्तक करत होते, सरहद्दीकडच्या या कारेली वंशाच्या नामवंत माणसांचं. कान्तेलेच्या तारा छेडणारे वादक, जुनी गाणी तोंडपाठ असणारे, नावा बांधणारे, आणि रडणाऱ्या बाया. पलागाचं नाव त्यांना तीन गावं अलीकडंच कळलं होतं.

“नामवंत?” तेप्पाना म्हणाला. “हिला? साहेब, हिचं नाव काढलं तर आमच्याकडं लोक थुंकतात, ते अपशकुन टळावा म्हणून.”

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

दोन दिवस ते पलागाच्या ओसरीवर बसले. पलागानं सामोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, तापवला, चहा दिला, मासे दिले, लग्नाचं रडणं म्हणून दाखवायची तयारी दाखवली. साहेबांना मेल्याचंच हवं होतं.

“कोण मेलंय?” पलागानं विचारलं.

“कुणीच नाही. तुम्ही नुसतं म्हणायचं.”

“नुसतं नसतं साहेब ते.”

“पलागाबाई, तुमच्यामागं कुणाला येतं हे? तुमच्याबरोबर सगळं मातीत जाईल.”

“जाऊ दे. मातीसाठीच आहे.”

साहेब उठले, यंत्र पेटीत घालू लागले, आणि सहज बोलावं तसं बोलले, “ठीक आहे. ओक्सेन्याबाईंनी चार नळकांडी भरून दिलीत. पुस्तकात त्याच येतील.”

ओक्सेन्या ही तळ्यापलीकडची रडणारी. ती नाकातून रडते, मेलेल्याला वाट दाखवताना डावं-उजवं चुकते, आणि तिनं वाट दाखवलेली निम्मी माणसं अजून जंगलातच फिरतायत, असं पलागाचं प्रामाणिक मत होतं.

पलागानं साहेबांच्या पुढ्यात पुन्हा चहा ठेवला. मग म्हणाली, “किती नळकांडी उरलीत?”

“एक.”

माणूस शहाणं असलं की चूक करतानाही अक्कल वापरतं. पलागानं विचार केला, हाक मारायचीच तर अशा कुणासाठी मारू, ज्याला मरण नेऊ शकत नाही. हुओतीला आधी तळ्यावर पिटाळला. तेप्पानाला त्याच्या घरी. मग ती भट्टीपाशी बसली. घराच्या मधोमध बसलेली ती मोठी दगडी भट्टी. तिच्यावर हिवाळ्यात झोपायचं, तिच्यात भाजायचं, तिच्याच पाठीशी घराची राखण करणारा राहतो म्हणतात. पलागानं घरालाच मेलेलं धरलं. घर कुठं मरतं का?

रुमाल पुढं ओढून तिनं सूर लावला. “माझ्या ऊब देणाऱ्या चौकोनी माउली, माझी ओली पावलं सुकवणाऱ्या, माझ्या लेकरांचे पहिले श्वास मोजणाऱ्या, तुझ्यासाठी पलीकडचे उठलेत गं, तुझ्यासाठी त्यांनी दिवट्या लावल्यात…” साहेबांचा चहा निवला. सूर खाली गेला, वर चढला, पलीकडचं दार उघडलं, वाट निघाली, वळणं आली. पलागाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ती आता मागं फिरायच्या जागी पोचलीच होती.

साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरे बाई. नळकांडं संपलं.”

पलागा झोपेतून उठवल्यासारखी दचकली. रुमाल खाली आला. सूर तुटला तो तुटलाच.

“शेवट राहिला,” ती म्हणाली.

“काही हरकत नाही. नमुन्यापुरतं आहे.”

साहेब आनंदात गेले. जाताना कॉफीची पुडी देऊन गेले. पलागा भट्टीसमोर तशीच बसली आणि शेवट बांधायला बघू लागली, पण डोळे कोरडे झाले होते. कोरड्या डोळ्यांनी शेवट बांधत नाहीत. बांधला तरी तो धरत नाही.

त्यानंतर तिनं किती वेळा प्रयत्न केला! कांदे चिरून पाहिले. नवऱ्याचा कोट उशाशी घेतला. मेलेल्या दोघांची नावं घेतली. सगळ्या गावासाठी रडलेली बाई, आणि स्वतःच्या भट्टीपुढं एक थेंब येईना.

सप्टेंबरात भट्टीचा एक दगड तडकला. धूर धुराड्यातून वर जायचा सोडून खोलीत उतरू लागला. एके दुपारी उघड्या खिडकीतून एक लहानगा पक्षी आत आला, कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीवर बसला, आणि आल्या वाटेनं न जाता भट्टीमागं गेला. पलागानं शोधला. सापडला नाही.

“मांजरानं खाल्ला असेल,” तेप्पाना म्हणाला.

“मांजर वसंतात मेलं.”

“मग दुसऱ्याच्या मांजरानं.” पण त्या दिवशी तो पिराक्का न खाताच उठला.

ऑक्टोबरात हुओतीला सैन्याचं बोलावणं आलं. नुसती कवायत आहे, असं कागदावर होतं.

“कवायतीला लोकरी मोजे कशाला सांगितलेत?” पलागानं विचारलं.

“अगं आई, थंडी असते.”

तिनं मोजे दिले. मग, “दारातून निघालास की मागं बघू नकोस,” म्हणाली. त्यानं बघितलं. हसून हातही हलवला. बापाचं पोर.

नोव्हेंबर संपताना सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या. गाव रिकामं करायला एक सकाळ मिळाली. कारेली माणूस घर सोडताना भट्टीतली मूठभर राख बरोबर नेतो. नव्या घरच्या भट्टीत ती टाकली की राखणदार मागोमाग येतो. त्या सकाळी प्रत्येक बाईच्या गाठोड्यात राख होती. पलागानं मात्र घेतली नाही.

“विसरलीस की काय?” ढकलगाडीवर जाळी लादताना तेप्पानानं विचारलं.

“नाही.”

ज्या घरावर रडून झालंय आणि शेवट बांधला नाही, त्या घरची राख न्यायची नसते. जो नेतो, त्याच्या मागोमाग वाट चालत येते. हे तिनं तेप्पानाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं थट्टा केली असती, आणि तिला ती थट्टा हवी होती, ती ऐकली असती तर तिनं राख घेतली असती, म्हणूनच सांगितलं नाही.

पश्चिमेकडल्या एका परक्या गावात, शाळेच्या वर्गात, एकतीस माणसं पेंढ्यावर झोपू लागली. फळ्यावर बेरजा तशाच होत्या. जानेवारीत एका दुपारी दार उघडलं आणि हुओती आत आला. जखमींच्या गाडीबरोबर राखणीला आला होता. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. गाल आत गेलेले, भुवया जळून आखूड झालेल्या.

पलागानं भुवयांकडं पाहिलं. काही विचारलं नाही. गरम सूप पुढं ठेवलं.

तेप्पानानं विचारलं. “गाव कसं आहे रे?”

हुओतीनं चमचा खाली ठेवला. “नाही.”

“नाही म्हणजे?”

“जाळलं आम्हीच. शत्रूला छप्पर मिळू नये म्हणून. लेफ्टनंटला गाव ठाऊक असलेला माणूस पाहिजे होता. आई, आपल्या घराला मीच काडी लावली. परक्याच्या हातून नको वाटलं.”

पेंढा तेवढा वाजला.

“आणि माझ्या?” तेप्पाना म्हणाला.

“तुमच्याही मीच, काका.”

“बरं केलंस,” तेप्पाना म्हणाला. “गळत होतं ते.” आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

पलागा शांत होती, थोडी हलकीसुद्धा. घरासाठी हाक मारली होती, घर गेलं. इथं थांबलं तर परवडलं, असं तिच्या मनात येत होतं. एवढ्यात हुओतीनं अंगरख्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि तंबाखूची एक चपटी डबी काढली.

“हे बघ, तू विसरली होतीस. काडी लावायच्या आधी भट्टीतली काढून घेतली. तेव्हापासून पाच आठवडे काळजाशी ठेवलीय, एक दिवससुद्धा खाली ठेवली नाही.”

पाच आठवडे. पाच आठवडे पोरगं बर्फात, गोळ्यांत, उघडी वाट खिशात घालून हिंडत होतं.

“तुझ्याबरोबरची माणसं?” तिनं विचारलं.

“कोणती?”

“तंबूत जे तुझ्या शेजारी झोपतात ते.”

हुओतीनं सांगितलं, “उजवीकडचा नाताळाआधी गेला. डावीकडचा गेल्या मंगळवारी.” मग म्हणाला, “मी नशीबवान आहे म्हणतात सगळे.”

“गाडी कधी आहे?”

“चारला.”

भिंतीवरच्या शाळेच्या घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

पलागानं डबी घेतली आणि अंगणात गेली. लाकडांच्या ढिगाआड बर्फावर बसली. रुमाल पुढं ओढला. डोळे कोरडे. ऑगस्टापासून कोरडे. तिनं डबीचं झाकण उघडलं.

राखेला कसला वास असणार? पण त्यात करपलेल्या पिराक्क्याचा वास होता, ओल्या मोज्यांचा, ईवानाच्या पाइपाचा, तडकलेल्या दगडाचा. पलागाच्या छातीतून आधी नुसता श्वास आला. मग सूर. जिथं साहेबांचा हात पडला होता, बरोबर तिथून तिनं धागा उचलला.

खिडकीशी उभा असलेला हुओती बाहेर निघाला, तसा तेप्पानानं त्याची बाही धरली. “थांब, पोरा. काम चाललंय तिचं.”

“कुणासाठी? कोण मेलंय?”

“ते ठरायचंय,” तेप्पाना म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

‘न्यायचं ते नेलंत. छप्पर नेलंत, उंबरा नेलात, परक्या आयांची दोन पोरं नेलीत. आता मागं फिरा. वाटेवर गवत उगवू दे, फाटकाला खीळ बसू दे.’ पलागानं बर्फ उकरून राख पुरली, वर लाकडाचा ओंडका ठेवला. आत येऊन रिकामी डबी स्वतःच्या गाठोड्यात खोल सारली.

“डबी दे की,” हुओती म्हणाला. “तंबाखू ठेवीन.”

“कागदात ठेव.”

तो निघाला तेव्हा ती खिडकीकडं पाठ करून बसली. “बघतोय का मागं?” तिनं विचारलं.

तेप्पाना काचेला नाक लावून उभा होता. “नाही,” तो म्हणाला. खरं की खोटं, ते पलागानं त्याला कधी विचारलं नाही.

मार्चात तह झाला. हुहतीवाराचा मुलूख सरहद्दीपलीकडं गेला. पत्रं तीन आठवडे आली नाहीत, आणि त्या तीन आठवड्यांत पलागा कुणाशी बोलली नाही. एप्रिलच्या चिखलातून हुओती चालत आला. डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं खाल्लेली, बाकी सगळा शाबूत. पलागानं पाय हातात घेऊन उरलेली बोटं एकेक दाबून पाहिली, मग सूप तापवायला उठली.

मे महिन्यात सार्किला साहेब आले. थकले होते. हेलसिंकीवर बाँब पडले त्यात नळकांडी फुटली होती, ओक्सेन्याचीही. पलागाला त्यातल्या त्यात समाधान वाटलं. पुस्तकातलं तिचं पान मात्र साहेबांनी राखून ठेवलं होतं, आणि यंत्र सोबत होतं. या वेळी नळकांडी भरपूर होती.

“घराचं तेच रडणं, पलागाबाई. आता तर घर खरंच गेलं. आता कुणाचं काय बिघडणार?”

पलागानं वर पाहिलं. वर्गाची तुळई, फळा, दोरीवर वाळत घातलेले मोजे, कोपऱ्यात चपला शिवणारा लंगडा हुओती, पेंढ्यावर घोरणारा तेप्पाना.

“साहेब, या छपराखाली आता बत्तीस माणसं झोपतात,” ती म्हणाली, आणि यंत्राच्या कर्ण्यावर आपला रुमाल टाकला. “चहा घेऊन जा.”