ऊब बघणारी दुर्बीण

माझ्या धाकट्या दिराला अडीच महिने रोज संध्याकाळी ताप येत होता आणि तो मला कळला नाही. रोज कपाळावर हात ठेवूनसुद्धा कळला नाही. आता मी आजी झालेय, अर्धे दात गेलेत, पण जीभ शाबूत आहे. घरात सगळ्यांची टिंगल करते. मग त्या अठ्ठावीस वर्षांच्या शहाणीला, म्हणजे तेव्हाच्या मलाच, तेवढी का सोडू?

ही शहाणी नव्वदच्या दशकात सुरतला, लिंबायतमध्ये खाणावळ चालवायची. पत्र्याच्या दोन खोल्या. नवरा आणि दीर एकाच कारखान्यात मागावर. आमच्या खानदेशातून एकटी आलेली पंचवीस-तीस माणसं तिच्याकडे जेवायला. दुपारी चार वाजता ती चुलीपुढे बसे ती दिवे लागून गेले तरी उठत नसे. उलथनं वापरणं बाईसाहेबांना कमीपणाचं वाटे. भाकरी हातानं उलटायची, हातानंच निखाऱ्याला उभी करायची, फुगली की तळहातानं दाबायची. बघणाऱ्यानं “अगं बाई, भाजत नाही का?” असं विचारावं, म्हणून तर सगळा थाट.

आणखी एक मिजास होती. गल्लीत कुणाचं अंग मोडून आलं की तो दवाखान्याआधी माझ्यासमोर येऊन वाकायचा. “ताई, बघा बरं.” मी बसल्या जागेवरून त्याच्या कपाळाला हात लावायची. “काही नाही. जा कामावर.” मागावर एक पाळी बुडवणं कुणालाच परवडत नव्हतं, त्यामुळे असं सांगणारी बाई सगळ्यांना आवडायची. थर्मामीटर कशाला हवा, असं मीच म्हणायची. चौथी पास बाई, पण ऐट सिव्हिल सर्जनची.

दीर दहावी झालेला. विज्ञानात गुण बरे पडले होते, पण सासरे गेले आणि शाळा सुटली. सासूबाईंनी त्याला गाडीत बसवताना मला एवढंच सांगितलं होतं, “तुझ्या पदरात घालते.” सुट्टीच्या दिवशी तो स्टेशनवरून मराठी पेपर आणायचा. गाडीनं आलेला, एक दिवस शिळा. जेवणाऱ्या पंगतीला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

अशाच एका सुट्टीला त्यानं ती बातमी वाचली. अमेरिकेत एक दुर्बीण बांधतायत. ती काही वर्षांनी आकाशात सोडणार. तिला उजेड नाही, ऊब दिसणार. धुळीच्या ढगांआड नुकते जन्मलेले तारे असतात, ते साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. धुळीतून त्यांची ऊब मात्र बाहेर येते, ती ही टिपणार.

पंगत हातातला घास विसरली. एक जण म्हणाला, “त्या दुर्बीनले आमना मुकादम दिसस का रे? पगारना दिवशी कोठे लपेल शे तो?”

“तुझा मुकादम गरम कुठे असतो?” दुसरा बोलला. “त्याला बघायला दुसरी बांधावी लागेल.”

एक म्हातारे कारागीर मात्र गंभीर होते. “धुळीतलं दिसतं म्हणतोस, तर आधी आमच्या कारखान्यात लावा म्हणावं. तिथं शेजारच्या मागावरचा माणूस दिसत नाही.”

आणि शहाणी? शहाणीनं दुसऱ्या दिवशी नळाच्या रांगेत जाहीर केलं की अमेरिकेची दुर्बीण येतेय आणि तिला माणसाच्या अंगाची ऊब भिंतीपलीकडून दिसते. आमच्या न्हाण्या म्हणजे साडीचा आडोसा, वर मोकळं आभाळ. रांगेतल्या दोघींनी त्याच दिवशी वर गोणपाट ताणलं. एक जण तर आठवडाभर लुगडं नेसूनच अंघोळ करत होती.

दिराला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. “वहिनी, अहो ती ताऱ्यांकडे बघणार. पृथ्वीकडे तिची पाठ असणार.”

“मग भावजी, इतकी वर्षं आपल्याकडे पाठ फिरवून बसणाऱ्या बाईचं एवढं कौतुक कशाला?”

तो हसला. मग चुलीजवळ पाट ओढून बसला आणि मला समजावायला लागला. मी समजेन अशी त्याला आशा असायची, बिचाऱ्याला. “गंमत ऐका. जे यंत्र ऊब बघणार ते आधी स्वतः थंडगार करावं लागतं. बर्फाहूनही थंड. नाहीतर त्याला त्याची स्वतःचीच ऊब दिसत राहते, दुसऱ्याची दिसतच नाही.”

“म्हणजे तुमच्या भावासारखी. घरात आले की थंडगार.”

सगळी पंगत हसली. तोही हसला आणि त्याला खोकला आला. खोकला तेव्हा सगळ्यांनाच असायचा. सुताचा कोंडा छातीत जायचा, त्यात नवल नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी तो पहिल्यांदा म्हणाला, “वहिनी, अंगात कणकण आहे. बघा बरं.”

संध्याकाळची वेळ, तव्यावर भाकरी. मी भाकरी दाबली आणि तोच हात त्याच्या कपाळाला लावला. “माठासारखे गार आहात. पेपर कमी वाचा.”

दुसऱ्या सकाळी तो कामावर गेला. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मग रोजच विचारायला लागला. सकाळी त्याला बरं वाटायचं, दिवस कलला की डोळे चुरचुरायचे. माझा हात तेव्हा चुलीतून काढल्यासारखा असायचा, त्याला कुठलं कपाळ गरम लागणार? आज हे शेंबड्या पोरालाही कळेल. तेव्हा पंचवीस माणसं समोर बसलेली असायची आणि मला एकेक गंमत सुचायची. “भावजींना लग्नाचा ताप आहे, त्याला औषध गावाकडे मिळतं.” “आज दुर्बिणीनं बघू या.” तो जेवण अर्धं टाकून उठायचा, तर मी म्हणायची, “माझ्या हातची चव गेली वाटतं!” नवऱ्यानं एकदा विचारलं, हा वाळतोय का गं? मी म्हटलं, मी रोज हात लावून बघते, ताप नाही. नवऱ्याचा माझ्या हातावर विश्वास. दिराचाही.

एका दुपारी त्याला कारखान्यातून रिक्षात घालून आणलं. मागावर खोकता खोकता वाकला होता आणि पांढऱ्या कापडावर रक्त पडलं होतं. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ताप नव्हता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले. त्याआधी तीस ताटं नळाच्या पाण्यात घासली होती, बोटं आकसली होती. तो मला बघून उठायला लागला. मी सवयीनं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“वहिनी,” तो म्हणाला, “आज तुमचा हात गार आहे.”

मी नर्सला हाका मारल्या. अहो बघा, याला ताप चढलाय. ती गुजराती बाई शांतपणे म्हणाली, “सवारे तो ओछो होय, बेन. सांजे वधे.” सकाळी कमीच असतो, संध्याकाळी वाढतो.

तो हे कळून बोलला की सहज, हे मी त्याला विचारलं नाही. धीर झाला नाही.

मग रोज त्याच्यासाठी पेपर नेत गेले. त्याला धरवत नसे म्हणून मीच अक्षर लावून लावून वाचायची. एकदा त्यात त्या दुर्बिणीबद्दल चार ओळी होत्या. पैसे कमी पडले, काम पुढे ढकललं. मी ते गाळून पुढचं वाचणार होते, पण त्यानं शीर्षक पाहिलं होतं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तोवर मी बरा होईन.”

औषधं सुरू होती. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो गेला.

दुखणं गावी कळवलंच नव्हतं; तार मिळाल्यावर सासूबाई पॅसेंजरनं आल्या. दारातच बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, “ताप कधीपासून होता गं?”

चुलीत त्या दिवशी जाळ नव्हता, खोलीत बायका बसल्या होत्या, नवरा भिंतीला टेकून होता. मी म्हटलं, “एकाएकी आला, आई. आठ दिवसांत सगळं झालं.”

नवरा काही बोलला नाही. जन्मभर बोलला नाही. सासूबाईंनी पुढे गावभर सांगितलं की वहिनीनं आईसारखं केलं, पण दुखणंच असं आलं की हात लावायला सवड मिळाली नाही. माझ्यासमोरही सांगायच्या, आणि मी मान हलवायची. त्या गेल्या तेव्हाही त्यांना हेच माहीत होतं.

आई, अडीच महिने होता. रोज होता. मला सांगत होता.